गाव ‘कव्हर्ड’, वाडी कोरडी: कोकणातली रेंज, आणि जोडीला रेडिओ

सड्यावरचा | ३ जून २०२५

राजापूर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला आमचं गाव. महसुली गाव एक, वाड्या अकरा. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, बाजारपेठेपाशी दोन टॉवर आहेत. तिथे फोरजी झकास, एका कंपनीचं फाइव्हजीसुद्धा. आमची वाडी मात्र खाली खलाटीत, कड्याच्या पायथ्याशी. सड्यावरून पाखाडी उतरायला लागलं की २१२ पायऱ्या. (मोजल्यात. रेंज नसली की माणूस काहीही मोजतो.) साधारण साठाव्या पायरीवर, गडग्यात एक वाकडा फणस आहे, तिथे बोलणं तुटायला लागतं. नव्वदाव्या पायरीला संपतं.

त्यामुळे वाडीत प्रत्येकाचा ‘पॉइंट’ ठरलेला. आमच्या आत्याचा विहिरीच्या कठड्यावर, उत्तरेच्या कोपऱ्यात. बोलता बोलता हातभर सरकली की फोन गेला. शाळेची पोरं फणसाखाली. रेशन दुकानदार महिन्यातून दोन दिवस अंगठ्याचं मशीन घेऊन सड्यावर जातो आणि म्हातारी माणसं त्याच्या मागून पायऱ्या चढतात. तांदूळ खाली, अंगठा वर.

हे सगळं सवयीचं झालं होतं. पण यंदा पाऊस २५ मेलाच तळकोकणात येऊन ठेपला, आणि त्याच आठवड्यात रात्री पावणेदहाला शेजारच्या काकूंना अंगणात घोणस चावली. १०८ ला फोन लावायला त्यांचा नातू भर पावसात फणसापर्यंत धावत गेला. तिथून बोलून खाली आला, तर म्हणे तिकडून परत फोन आला तर कोण उचलणार? म्हणून पुन्हा वर. तो वर छत्री धरून उभा आणि आम्ही काकूंना खुर्चीत बसवून त्याच पायऱ्यांवरून वर नेत होतो. काकू वाचल्या. पोरगा चार दिवस तापाने पडला.

मग मी कंपनीकडे तक्रार टाकली. दोन ओळींचं उत्तर आलं: ‘आपले गाव कव्हर्ड आहे.’ नकाशा उघडून पाहिला. खरंच, अख्खं गाव हिरवंगार. समोरची खाडीसुद्धा हिरवी. बहुतेक मासे व्हिडिओ कॉलवर असावेत.

इथे कुणी या क्षेत्रातलं आहे का? वाडीला रेंज नाही हे सिद्ध कसं करायचं, आणि कुणापुढे? आणि पावसाळ्यात जेव्हा सड्यावरचे टॉवरही मान टाकतात, तेव्हा निदान इशारा कळायला काही दुसरी सोय आहे का? आईचा जुना ट्रान्झिस्टर आहे, तोच एक काय तो बोलतो.

---

व्हाळ | ३ जून

भाऊनु, तुमका फणस तरी आसा. आमच्याकडे रेंज येता ती देवळाच्या मागल्या पायरेर उभ्या रवल्यार, ती पण वारो पडलो तर. माझो भाव मुंबैक, दर रविवारी सकाळी ९ वाजता फोन करता. आवस ८ वाजल्यापासून देवळाकडे जावन बसता. लोकांका वाटता म्हातारी भक्तीक लागली.

---

चष्मेबद्दूर | ३ जून

कडवट बोलतो, राग नको. तुमच्या वाडीत उघडी घरं किती? कोकणातल्या बहुतेक वाड्यांत दोन म्हातारी, एक कुत्रा आणि गणपतीपुरते चाकरमानी. एवढ्यांसाठी कुठली कंपनी लाखो रुपये ओतून टॉवर उभा करेल? धंदा आहे तो, धर्मादाय नव्हे.

---

सड्यावरचा | ३ जून

उघडी घरं ३४. कुत्री ९. आणि रेंज नाही म्हणून तरुण पोरं राहत नाहीत, पोरं नाहीत म्हणून रेंज नाही, हे चक्र कुठून तोडायचं ते सांगा. लॉकडाऊनमध्ये सहा पोरं घरून काम करायला आली होती. पंधरा दिवसांत चार जण रत्नागिरीत खोली घेऊन राहिले. स्वतःचं घर तीस किलोमीटरवर असताना.

---

दापोलीची सून | ३ जून

आजच्याच तारखेला धागा आलाय म्हणून लिहिते. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, पण दापोली-मंडणगडचंही होत्याचं नव्हतं केलं. आम्ही केळशीच्या बाजूला. दुपारपर्यंत पोफळी अशा पडत होत्या की कुणी काड्यापेटी सांडावी. वीज गेली, फोनही गेला. नवरा मुंबईत, मी आणि सासू-सासरे इथे.

त्या दिवसांत घरात बोलणारी वस्तू एकच, सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर. सेल संपले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळातला एक आणि टीव्हीच्या रिमोटमधले दोन काढून घातले. मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ वर, खरखरत का होईना, लागायची. बाहेर काय चाललंय ते आम्हाला कळत होतं, पण आमचं काय झालंय ते बाहेर कुणाला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी गावातला एक जण मोटारसायकल काढून, रस्त्यातली झाडं ओलांडत, जिथे रेंज मिळेल तिथवर गेला. वीस घरांचे नंबर कागदावर लिहून नेले होते. प्रत्येकाला एकच वाक्य: ‘सगळे जिवंत आहेत, फोन नाही.’ माझ्या नवऱ्याने तो नंबर अजून फोनमध्ये ठेवलाय. नाव लिहिलंय ‘जिवंत’.

तेव्हापासून घड्याळाचे सेल आम्ही दोन जास्तीचे आणतो.

---

अँटेना७३ | ४ जून

बावीस वर्षं टॉवरवर चढउतार केली, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

सड्यावरचा टॉवर म्हणजे कड्याच्या काठावर उभं राहून समोर मारलेली बॅटरी. लांबवर उजेड पडतो, पायथ्याशी काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो अक्षरशः. अँटेनांची तोंडं रस्त्याकडे आणि बाजारपेठेकडे असतात, कारण वर्दळ तिकडे. मागच्या बाजूला दीडशे मीटर खाली वाडी असेल तर तिच्या आणि अँटेनाच्या मध्ये अख्खा जांभा दगडाचा कडा येतो. लहरी कडा फोडून जात नाहीत, काठावरून थोड्या वाकतात. किती वाकतात ते वारंवारितेच्या पट्ट्यावर अवलंबून. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या जास्त वाकतात आणि झाडीतूनही बऱ्या निघतात. १८०० च्या कमी, २३०० च्या तर नाहीच म्हणा. त्यात आपल्याकडे आंबा, फणस, माड, आणि चार महिने ती पानं ओली. ओलं पान सिग्नल खातं. साठाव्या पायरीला तुटणं, नव्वदला संपणं हे अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. टॉवरखालच्या बॅटऱ्या नव्या असल्या तरी काही तासांच्याच. त्यानंतर डिझेल, आणि डिझेल पोचायला रस्ता हवा. पावसाळ्यात वीज जाते, दरड येते, झाड आडवं होतं, सगळं एकाच रात्री. शिवाय टॉवरपर्यंत येणारी फायबर केबल रस्त्याकडेने येते. महामार्गाच्या चौपदरीकरणात एखाद्या जेसीबीने चुकीच्या जागी दात घातला की टॉवर उभा, पण मुका.

आता मोजायचं कसं. फोनवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या प्रत्येक फोनच्या मर्जीने दिसतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं जा. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ उणे आकड्यात दिसते, डीबीएममध्ये. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर चैन. उणे ११० ला बोलणं अडखळणार. उणे १२० ला फोन म्हणजे घड्याळ. आणि हा आकडा सरळ चढत नाही: दहाने घसरला की ताकद एक दशांश राहते. म्हणजे फणस आणि विहीर यांत वीसचा फरक असेल तर विहिरीवर शंभरावा हिस्सा पोचतोय.

प्रत्येक वाडीत दहा-पंधरा ठिकाणी, जमतील तेवढ्या कंपन्यांच्या सिमवर मोजा. घराच्या आत, अंगणात, पाणवठ्यावर. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, सगळं लिहा. ‘रेंज नाही’ म्हणालात तर कुणी ऐकत नाही. कागदावर आकडा असला की समोरच्याला त्याच्या वरिष्ठाला उत्तर द्यावं लागतं.

---

नाखवा | ४ जून

आमची उलटी गंमत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणून सध्या घरी आहे. घरी म्हणजे जेटीच्या टोकावर येऊन हे लिहितोय. घरात शून्य. आणि होडी घेऊन आठ-दहा वावाच्या पाण्यात गेलो की फोनवर सगळे आठवतात, कारण तिथून सड्यावरचा टॉवर उघडा दिसतो. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं असेल तर तुम्ही दर्यातच बरे.

पण पुढे गेलं की पुन्हा शांतता. तिथे व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस, सोळा नंबर चॅनल, आजूबाजूच्या बोटी एकमेकींना ऐकतात. आता इस्रोने बनवलेले ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसवतायत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला त्या योजनेचा प्रारंभ झाला, देशात एक लाख बोटींसाठी. उपग्रहावरून चालतं, त्यामुळे टॉवरशी देणंघेणं नाही. संकटात बटण दाबता येतं आणि किनाऱ्यावरून वादळाचा इशारा बोटीवर येतो. समुद्रात असलेल्याला इशारा मिळतो आणि किनाऱ्यावरच्या घराला मिळत नाही, असा आमचा प्रदेश.

---

जुना रेडिओ | ५ जून

दापोलीच्या ताईंचा ट्रान्झिस्टर वाचून राहवलं नाही.

मिडियम वेव्हला खारं पाणी फार आवडतं. जमिनीवरून जाताना ती लहर दमते, समुद्रावरून मात्र कमी झिजत लांब जाते. म्हणून मुंबई ५५८, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७ ही केंद्रं आपल्या किनाऱ्यावर एवढी ऐकू येतात. शिवाय तिला कडा, घळ, खलाटी यांची पर्वा नाही. लहरीची लांबीच शेकडो मीटर, ती तुमच्या कड्याला वळसा घालते. एफएमचं तसं नाही, तिला साधारण नजरेची रेषा लागते. म्हणजे जी वाडी मोबाइलला आंधळी, ती बहुतेक एफएमलाही आंधळी, पण मिडियम वेव्हला नाही.

आता डिजिटल रेडिओ. आकाशवाणीने मिडियम वेव्हवर डीआरएम या डिजिटल प्रसारण पद्धतीचे पस्तीसच्या आसपास ट्रान्समीटर बसवले आहेत. मुंबईचा १०४४ आणि पुण्याचा ७९२ त्यातले. एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम, शिवाय पडद्यावर मजकूर, आणि आवाज स्वच्छ. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: त्यात आपत्तीच्या इशाऱ्याची सोय मानकातच आहे. इशारा निघाला की संच दुसरं केंद्र लावलेलं असलं तरी इशाऱ्याकडे वळतो, मजकूरही दाखवतो. टॉवर नको, फायबर नको, रिचार्ज नको. शंभर-दोनशे किलोमीटरवर एक ट्रान्समीटर जिवंत असला की पुरे.

अडचण काय? संच. बऱ्याच नव्या गाड्यांत तो आहे, पण घरात ठेवायचा स्वस्त डीआरएम संच बाजारात शोधून दाखवा. आणि ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सप्टेंबर २०२४ मध्ये खासगी डिजिटल रेडिओबद्दल चर्चापत्र काढलं, ते १३ मोठ्या शहरांपुरतं. आपल्या कोकण किनारपट्टीवरची त्यात एक मुंबई.

---

चष्मेबद्दूर | ५ जून

म्हणजे ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच वादळाचा इशारा. गाडी सड्यावर, घर २१२ पायऱ्या खाली. छान.

---

जुना रेडिओ | ५ जून

बरोबर पकडलंत. अजून एक खोट आहे, ती आमची रेडिओवेडी मंडळी सांगत नाहीत. साधा सिग्नल हळूहळू मरतो, खरखरीतून माणूस ‘ताशी अमुक किलोमीटर वेगाने वारे’ एवढं तरी वेचतो. डिजिटल एकदम मरतो. अमुक पातळीच्या खाली गेला की पूर्ण शांतता. म्हणून माझं म्हणणं, डिजिटल जरूर आणा, पण घरोघरी संच पोचेपर्यंत जुनी मिडियम वेव्ह बंद करू नका. दुसरं, तुमच्या फोनमध्ये एफएमची सोय आहे का बघा. इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना. मोबाइल बनवणाऱ्यांनी ती बंद करू नये म्हणून केंद्राने २०२३ मध्ये सूचना काढली होती. ज्या वाडीला एफएम पोचतं तिथे नेट नसतानाही ते चालतं.

---

लंडनचा पाऊस | ६ जून

मूळ गाव गुहागर तालुक्यात, राहणं इंग्लंडात. इथे सगळं आलबेल असेल असा समज असेल तर काढून टाका. वेल्समधल्या दऱ्यांत, स्कॉटलंडच्या डोंगरात माझा फोन कितीदा मुका झालाय. इथलं दुखणं असं की एका दरीत एका कंपनीची रेंज, पुढच्या दरीत दुसरीची, आणि तुमच्या खिशात नेमकं तिसरीचं सिम. मार्च २०२० मध्ये चारही कंपन्या आणि सरकार यांच्यात करार झाला. सुमारे एक अब्ज पौंड, साधारण निम्मे सरकारचे, निम्मे कंपन्यांचे. टॉवर वाटून घ्यायचे आणि २०२५ अखेर देशाच्या ९५ टक्के भूभागावर कुणा ना कुणाची फोरजी पोचवायची. भूभागावर, बरं का, लोकसंख्येवर नाही. मोजण्याचं एकक बदललं की ओसाड माळही हिशेबात येतो.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रं एफएमवरून उचलून डिजिटलवर, त्यांच्या डॅब पद्धतीवर नेली. तिथे फ्योर्ड, आपल्याकडे खाड्या, चित्र तेच: उंच कडे, खाली पाणी, काठावर घरं. त्यांना त्यासाठी ढिगाने छोटे ट्रान्समीटर उभारावे लागले. डॅबच्या लहरी एफएमपेक्षाही आखूड आहेत, कड्याला वळत नाहीत. जुना रेडिओ म्हणतात ती मिडियम वेव्हवरची पद्धत आपल्या किनाऱ्याला जास्त सोयीची, हे मलाही पटतं.

---

कुळागर | ७ जून

एवढी चर्चा कशाला? ऑनलाइन रेंज वाढवणारा बूस्टर मिळतो, साडेचार हजार. माझ्या मामांनी कौलांवर बसवलाय, पाच दांड्या.

---

अँटेना७३ | ७ जून

मामांना आधी तो उतरवायला सांगा. परवान्याशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि कारण नुसतं कागदी नाही. तसली स्वस्त यंत्रं कचरा-सिग्नलही मोठा करून टॉवरकडे फेकतात. मामांना पाच दांड्या, आणि त्याच टॉवरवरच्या बाकी शंभर घरांचं बोलणं चिरकतं. वाडीत ब्रॉडबँड पोचलं असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करा, फुकट आणि कायदेशीर.

---

मोहर | ७ जून

सगळे टॉवर मागतायत, आंब्याचं काय? आमच्या शेजारच्या बागेजवळ टॉवर आला त्या वर्षापासून मोहर गळतोय. मधमाश्या कमी झाल्या. पैसा तुमच्या रिचार्जमधून नाही येत, आमच्या हापूसमधून येतो.

---

अँटेना७३ | ७ जून

मोहर गळायला तुडतुडे, भुरी आणि अवकाळी पाऊस पुरेसे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत तिन्ही मुक्कामाला आहेत. ज्या बागांच्या पाच किलोमीटरात टॉवर नाही तिथेही मोहर गळलाच की. राहता राहिली माणसांची भीती: २०१२ मध्ये आपल्या देशाने लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केली. भीती वाटत असेल तर त्या जागेची मोजणी करून मागा, तो तुमचा हक्क आहे. मोजल्याशिवाय अडवू नका.

---

मोहर | ८ जून

मोजणारे कंपनीचेच ना.

(यापुढे या विषयावर सतरा प्रतिसाद झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

---

खलाटीकर | १० जून

कागदाची बाजू मी सांगतो, वीस वर्षं तेच करतोय.

पहिली गोष्ट. जुलै २०२२ मध्ये केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्याची योजना मंजूर केली, खर्च २६,३१६ कोटी, काम बीएसएनएलकडे. यात शब्द आहे ‘गाव’. घाटापलीकडे देशावर गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने बसलेली घरं, तिथे हा शब्द चालतो. आपल्याकडे गाव म्हणजे डोंगर-खाडीत पाच किलोमीटरवर विखुरलेल्या वाड्या. एका वाडीला रेंज आली की गाव यादीतून बाहेर. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, बाकी फांद्या. पण त्याच मंजुरीत २० टक्के जादा गावांची तरतूद आहे, नव्या वस्त्या, पुनर्वसन, एखाद्या कंपनीने सेवा काढून घेतली, अशा कारणांसाठी. अर्ज तिथे बसतो का ते भांडून बघायचं.

दुसरी. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या सुमारे २७ हजार टॉवरवर कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांना रेंज द्यायची असं ठरलंय. हा निधी म्हणजे डिजिटल भारत निधी, कंपन्यांच्या उत्पन्नातले ५ टक्के त्यात जातात, म्हणजे फिरून आपलेच. लक्षात घ्या, सड्यावरचा खासगी टॉवर यात येत नाही. म्हणून नवा टॉवर मागायचाच तर या निधीतून मागा, तिन्ही सिम चालतील.

तिसरी, आणि ही चीड आणणारी. ट्रायच्या २०२४ च्या नियमांत सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर भरपाई आहे, पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला वैधता वाढवून. पण बिघाड जिल्ह्याच्या पातळीचा हवा. तुमची खलाटी महिनाभर मुकी राहिली आणि रत्नागिरी शहर बोलत असलं, तर कागदावर काही झालेलंच नाही. त्याच नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावलेत. तुम्हाला दिसलेली हिरवी खाडी ती. तो नकाशा छापून घ्या आणि त्यावरच तुमचे आकडे लाल शाईने लिहा. त्यांच्याच कागदावर.

सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. गाव म्हणून नको, वाडीचं नाव घालून.

---

सड्यावरचा | २० जुलै

उशीर झाला, लावणी होती.

मोजणी झाली. आठवी-नववीतली पाच पोरं, तीन कंपन्यांची सिमं, एक शंभर पानी वही. अकरा वाड्यांत १४० ठिकाणं. चार वाड्यांत उत्तम, तिघींत अंगणात आहे पण घरात नाही, चार पूर्ण कोरड्या. पोरांना इतकी गोडी लागली की आता ती ‘उणे ११८’ अशी एकमेकांना शिवी देतात. एक शोध लागला: मराठवाडीतल्या एका गोठ्यात उणे ९४ मिळतं. का, कुणालाच कळत नाही. म्हशीला रेंज आहे.

नकाशावर लाल शाईने आकडे भरले, अर्ज गेला, प्रती तीन ठिकाणी गेल्या.

---

अँटेना७३ | २० जुलै

गोठ्यासमोर खाडी आहे का? आणि खाडीपलीकडे एखादं उघडं टेकाड? तसं असेल तर पलीकडच्या कुठल्या तरी लांबच्या टॉवरची लहर पाण्यावरून येऊन तिथे पोचत असणार. हे महत्त्वाचं आहे. तुम्ही सड्यावर तिसरा टॉवर मागू नका, त्याची पाठच तुमच्याकडे असेल. खाडीपलीकडच्या टेकाडावरून तुमच्या वाड्यांची तोंडं दिसत असतील तर जागा ती. तिथून एक छोटा, सौरऊर्जेवरचा टॉवरही चारही वाड्या उघड्या बघेल.

---

सड्यावरचा | २१ जुलै

आहे. टेकाड आहे! आता पोरांना तिकडे पाठवतो, होडीने.

---

सड्यावरचा | ९ ऑगस्ट

काल सर्व्हेला इंजिनिअर आले. तरुण मुलगा, विदर्भातला, कोकणात पहिलाच पावसाळा. सड्यावर गाडी लावली, फोन बघितला, म्हणाला, ‘इथे तर फुल आहे.’ मी म्हटलं, साहेब, ऑफिसला फोन लावा आणि बोलत बोलत माझ्यामागून या. तो बोलत निघाला. पायऱ्यांवर शेवाळ, एका हातात छत्री, एका हातात फोन. फणसाशी ‘हॅलो, हॅलो’ सुरू झालं. अडुसष्टाव्या पायरीला थांबला, फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, अजून १४४ आहेत. काहीच न बोलता खाली आला, आत्याच्या ओटीवर बसून पोह्यांबरोबर वही पूर्ण वाचली आणि पानांचे फोटो घेतले. म्हणाला, असा डेटा आमच्याकडे नसतो.

मग होडीने टेकाडावर गेलो. त्याला जागा पसंत आहे. कागद नीट असतील तर पुढे पाठवतो म्हणाला. कागद म्हणजे सातबारा.

---

खलाटीकर | ९ ऑगस्ट

आता खरी परीक्षा. सातबारा सामाईक आहे का?

---

सड्यावरचा | १७ ऑगस्ट

तेवीस नावं. त्यातली सहा वारलेली, वारसनोंद नाही. दोघं बडोद्याला, एक जण कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. टेकाडावर करवंदाच्या जाळ्यांशिवाय काही उगवत नाही, पन्नास वर्षांत कुणी तिकडे फिरकलेलं नाही, पण टॉवर म्हटल्याबरोबर भाडं किती आणि कुणाच्या खात्यात, हे तीन पिढ्यांना एकदम आठवलं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला, चारही वाड्यांची नावं घालून. सह्या आतापर्यंत अकरा. वारसांचं काम तलाठ्याकडे टाकलंय.

---

चष्मेबद्दूर | १७ ऑगस्ट

कंपनीला शिव्या घालायचे दिवस बरे होते, नाही का? तरी अकरा म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. अडून कोण बसलंय?

---

सड्यावरचा | १७ ऑगस्ट

माझे सख्खे काका. विरारला असतात. म्हणतात, टॉवरने मोहर गळतो. त्यांची तिथे कलमं नाहीत, कधी नव्हती. समजवायला फोन केला होता, फणसापर्यंत जाऊन. ऐन मुद्द्याला आलो आणि कट झाला. २७ तारखेला गणपतीला येतायत, तेव्हा ओटीवर बसवून बोलतो. पायऱ्या उतरताना फोनवर बोलत येऊ देणार आहे.

---

व्हाळ | १७ ऑगस्ट

काकांका सांगा, फोटो काढून मुंबैक धाडूचे आसतीत तर मराठवाडीच्या गोठ्यात जावचा लागतला. म्हशीक इचारून.